शेजारच्या खोलीतला ठेका

‘ताई, माझे वय ५७ आहे. तरुणपणी अकरा वर्षे मी गुरुजींकडे तबला शिकलो. नोकरी लागली आणि तो सुटला. १५ डिसेंबर २०२४ रोजी उस्ताद झाकीर हुसेन गेले, तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. ते अवघे ७३ वर्षांचे होते. ते गेले तरी त्यांचे वादन राहील, मी गेल्यावर माझे काय राहणार, या विचाराने रात्रीची झोप उडाली आहे. निवृत्तीच्या पैशांतून गुरुजींच्या संस्थेत माझ्या नावाने तबल्यासाठी एक वार्षिक पुरस्कार ठेवावा, असे मनात आहे. पत्नी म्हणते, आधी डॉक्टरांना भेटा. संध्याकाळी घरात निवांत बसताही येत नाही, कारण मुलगी मोबाइलवरचा तबला लावून ख्यालाचा रियाज करते आणि मला दार लोटून घ्यावे लागते. पुरस्कार ठेवल्याने समाधान मिळेल का?’

तुमच्या पत्रात मृत्यू आहे, कीर्ती आहे, निवृत्तीचे पैसे आहेत आणि या सर्वांच्या शेवटी, एखादी किरकोळ तक्रार नोंदवावी तसे, मुलीच्या रियाजाविषयीचे एक वाक्य आहे. मी त्या वाक्यावर अडले. अकरा वर्षे तबला शिकलेला माणूस घरात असताना त्याची मुलगी मोबाइलमधल्या ठेक्यावर ख्याल गाते आणि तो माणूस शेजारच्या खोलीत दार लोटून, आपल्यामागे काय उरेल याची चिंता करीत बसतो, हे वाचून मला तुमचा राग आला. तो लपवून गोड बोलले तर तुमचा काहीच उपयोग होणार नाही.

झोपेविषयी तुमच्या पत्नीचे म्हणणे रास्त आहे. डॉक्टरांना भेटा.

आता उस्तादांविषयी. त्यांच्या जाण्याचे दुःख खरे आहे आणि ते मी कमी लेखत नाही. त्या बातमीने ज्या असंख्य घरांतले बोलणे थांबले, त्यांत माझेही घर होते. परंतु त्यांच्या आयुष्यातून तुम्ही केवळ कीर्ती तेवढी उचललीत, याचे मला नवल वाटते. त्यांचा जन्म झाला तेव्हा वडील उस्ताद अल्लारखाँ यांनी बाळाच्या कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले, आई रागावली, तेव्हा हीच माझी प्रार्थना आहे असे त्यांनी उत्तर दिले, ही आठवण झाकीरभाई स्वतः सांगत असत. त्या घरातली विद्या अशी एका माणसाच्या तोंडून, अगदी जवळ बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या कानात गेली. पुढे ३ फेब्रुवारी २००० रोजी अब्बाजी गेले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे त्या तारखेला मुंबईत झाकीरभाईंनी वडिलांच्या स्मरणार्थ मैफल भरवली. पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशी यांनी जो संगीत महोत्सव सुरू केला, त्यालाही त्यांच्या गुरूंचेच, सवाई गंधर्वांचे, नाव आहे. तुम्ही योजलेल्या पुरस्काराला मात्र तुमचे नाव आहे, आणि तेही ज्या गुरुजींनी तुम्हाला अकरा वर्षे दिली त्यांच्या संस्थेत. पुरस्कार ठेवायचाच असेल तर गुरुजींच्या नावाने ठेवा. परंतु तुम्हाला जो प्रश्न छळतो आहे त्याचे उत्तर तेथे नाही.

‘त्यांचे वादन राहील’, असे तुम्ही म्हणता. ते कशाच्या रूपाने राहील, याचाही विचार करा. एकल वादनात त्यांना तोड नव्हती, हे मान्यच आहे. तरीही त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग दुसऱ्याच्या संगीताला आधार देण्यात गेला. संतूर शिवकुमार शर्मांचे, बासरी हरिप्रसाद चौरसियांची आणि शेजारी झाकीरभाई, अशी किती ध्वनिमुद्रणे आपण ऐकली आहेत! ज्याच्या नावाखाली जग जमले असते तो माणूस तासन् तास दुसऱ्याच्या आलापीकडे कान लावून, आपली पाळी येईपर्यंत स्वस्थ बसत असे. मे २०२२ मध्ये शिवकुमारजी गेले, तेव्हा झाकीरभाईंनी त्यांच्या पार्थिवाला खांदा दिला आणि नंतर चितेपाशी ते एकटेच उभे राहिले. ते छायाचित्र तुम्हीही पाहिले असेल. त्यांच्या पुरस्कारांची यादी मोठी आहे, परंतु ती मला पाठ नाही. हे छायाचित्र मात्र विसरता येत नाही.

तुमची मुलगी ज्यावर गाते त्या मोबाइलविषयी माझी तक्रार नाही. घरात साथीला कोणी नसेल तर तो फार मोलाचा आहे. परंतु तुम्ही तबला शिकलेले आहात, म्हणून त्याची मर्यादा तुम्हाला सांगण्याची गरज पडू नये. त्यावर विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल लावला की बारा मात्रा एकाच गतीने फिरत राहतात. गाणारी समेपाशी, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपाशी, पोचली आहे की अजून वाटेतच आहे, याचे त्याला भान नसते. संथ लयीत सुरू होणारा बडा ख्याल मात्र जसजसा रंगत जातो तसतशी त्याची लय, कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या हळूहळू, चढत असते, आणि ती कोठे चढू द्यायची हे गाणारा आणि तबलजी एकमेकांकडे पाहून ठरवतात. समेकडे नेणारी ओळ, म्हणजे मुखडा, उचलल्याबरोबर तबलजी सावध होतो, समेच्या आधीच्या मात्रा थोड्या भरतो, सम सापडली की मान हलवतो. एखादे आवर्तन फसले तर ठेका तसाच धरून ठेवतो आणि गाणाऱ्याला परत येण्यासाठी जागा देतो. हे सर्व तिला माणसाबरोबर बसूनच शिकता येईल. यंत्राबरोबर गाणारी मुलगी स्वतः त्याच्याशी जुळवून घ्यायला शिकते. आपलेही कोणी ऐकत आहे, या भरवशावर गाणे तिला त्यातून मिळत नाही.

आता हात राहिला नाही, असे तुम्ही मला लिहिणार, हे मला ठाऊक आहे. तो राहिलेला नसणारच. तिरकिट अडखळेल, तयारीचे कायदे, म्हणजे बोलांचे ते ठरीव विस्तार, कदाचित परत येणारच नाहीत. तिला त्यांची गरज नाही. विलंबित ठेका धरणे सोपे नसते, परंतु त्यासाठी लागणारा कान आणि धीर सत्तावन्नाव्या वर्षी विसाव्या वर्षापेक्षा अधिक असतो. तुमची लय मधूनच ढळेल, आणि त्यानेही तिचे नुकसान होणार नाही. आपली लय आपल्यातच सांभाळायची असते, हे तिला त्यातूनच उमगेल. मला तर असे वाटते की तो ठेका कानावर पडला की गुडघ्यावर तुमची बोटे चालू लागत असावीत, आणि ते सहन होत नाही म्हणून तुम्ही दार लोटत असाल. तसे असेल तर इतकी वर्षे तुम्ही स्वतःलाही फार कठोरपणे वागवले आहे.

म्हणून पुरस्काराचे पत्र संस्थेकडे पाठवू नका आणि आठवणी लिहायलाही बसू नका. आज संध्याकाळी मुलीच्या खोलीत जाऊन तिची पट्टी विचारा. ती काळी चार किंवा काळी पाच अशा उंच पट्टीत गात असेल, तर तुमचा खालच्या पट्टीतला जुना तबला तिच्या उपयोगाचा नाही. लहान तोंडाचा तबला घ्यावा लागेल. डग्गा जुना चालेल, परंतु इतकी वर्षे गवसणीत राहिलेल्या पुडीची, म्हणजे तोंडावरच्या चामड्याची, काळी शाई तडकलेली असेल आणि ते ताणून धरणारी वादी वाळलेली असेल, म्हणून तो तबल्याच्या कारागिराकडून तपासून घ्या. पुरस्कारासाठी काढून ठेवलेल्या पैशांतला थोडासा भाग या कामी लावा.

तबला हातात येईपर्यंत थांबू नका. आजच तिच्यासमोर बसा, मोबाइल बंद करायला सांगा आणि धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धिं ना तोंडाने म्हणत हाताने टाळी-खाली द्या. ती संकोचेल, कदाचित नको म्हणेल. इतके दिवस बंद असलेल्या दाराची तिला सवय झाली आहे. नको म्हणाली तर वाद न घालता दार उघडे ठेवून बाहेर बसा आणि उद्या पुन्हा विचारा. हो म्हणाली तर तिचे गाणे तपासू नका, तिने विचारल्यावाचून एकही सूचना करू नका, तुमच्या गुरुजींच्या गोष्टी सांगू नका. ती थांबली की थांबा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा जाऊन बसा.