जीएनएम घरबसल्या होतंय का?

गेल्या दोन महिन्यांत नर्सिंगच्या शिक्षणावर बरीच पत्रं आलीत आणि निम्म्याहून जास्तींचा प्रश्न एकच आहे, नोकरी न सोडता पुढची पायरी चढता येईल का. (एएनएम म्हणजे सहायक नर्सचा कोर्स आणि जीएनएम म्हणजे त्याच्या वरचा, पूर्ण नर्सचा डिप्लोमा.) त्यातली तीन इथं घेतलीत. पहिल्या पत्राला उत्तर जरा लांबलंय, पण ते लांबायलाच पाहिजे होतं.

प्रश्न : ताई नमस्कार, मी खानापूर तालुक्यातली, वय ३६. पीयूसी (बारावी) आर्ट्स करून एएनएम केलं, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे, आणि ९ वर्षं झाली बेळगावात एका नर्सिंग होममध्ये काम करतेय. रोज एसटीनं येणं जाणं. काम तेच सगळं करते, आयव्ही लावते, ड्रेसिंग करते, नाइटला वॉर्ड एकटी बघते, पण जीएनएमवाल्या मुलींना पगार जास्त आणि मला सगळे 'आया-सिस्टर' समजतात. आता एक एजंट सांगायलाय की नॉन-अटेंडिंग जीएनएम करून देतो, दीड वर्षात, फक्त परीक्षेला जायचं, अनुभव आहे म्हणून पहिलं वर्ष माफ. म्हणतोय २०२३ ला नवीन कायदा आलाय त्यामुळं आता डिस्टन्स चालतंय. ओरिजिनल मार्क्स कार्ड मागतोय आणि निम्मी फी आधी. मिस्टर उद्यमबागला फाउंड्रीत आहेत, मुलगी दुसरीला. रेग्युलर कॉलेज या वयात घेतील काय? की हेच करू?

उत्तर : मार्क्स कार्ड दिलं नसेल तर देऊ नका, आणि दिलं असेल तर आज जाऊन परत घ्या, बाकीचं पत्र नंतर वाचा.

आता नीट सांगते. एएनएमवरून जीएनएम करायला आपल्या देशात डिस्टन्सची सोय नाही, नॉन-अटेंडिंग तर अजिबात नाही. जीएनएमचा अभ्यासक्रम इंडियन नर्सिंग कौन्सिल ठरवतं आणि तो ३ वर्षांचा आहे, शेवटचे ६ महिने इंटर्नशिपचे धरून. त्यात थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींना किमान ८० टक्के हजेरी लागते, कारण काहीही असो, आणि डिप्लोमा हातात पडायच्या आधी प्रत्येक क्लिनिकल विभागातली प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के पुरी करावी लागते. म्हणजे एखादी मुलगी आजारी पडली तरी ते दिवस तिला नंतर वॉर्डमध्ये भरून काढावे लागतात. मग जी बाई कॉलेजात पाऊलच टाकणार नाही तिची हजेरी कागदावर कुणीतरी खोटी लिहिणार, याशिवाय दुसरा मार्गच नाही, आणि त्या खोट्या कागदावर नाव तुमचं असणार, एजंटचं नाही.

पहिलं वर्ष माफ वगैरे पण काही नसतं. एएनएम झालेल्या बाईलाही जीएनएम पहिल्या वर्षापासूनच करावं लागतं. हे मला स्वतःला जाचक वाटतं, ९ वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईला बेड करायला परत शिकवायचं हे काही बरोबर नाही, अनुभवाला थोडी तरी किंमत असायला पाहिजे होती. पण नियम आज असा आहे आणि तुमचा निर्णय आजच्या नियमावर घ्यायचाय.

२०२३ चा कायदा म्हणतोय तो खरा आहे, पण त्याचा अर्थ त्यानं पार फिरवलाय. तो नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा, १९४७ च्या जुन्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी आणलेला. त्यानं घरबसल्या जीएनएमला परवानगी दिलेली नाही.

आता तुमच्या पत्रातली जी भीती आहे, वयाची, ती मात्र काढून टाका. जीएनएमला वयाची वरची मर्यादा ३५ आहे हे खरं, पण ती नवीन मुलींना. एएनएम झालेल्यांना वयाची अट नाही. हे एजंट तुम्हाला सांगणार नाही कारण मग त्याची गरजच उरत नाही. रजिस्टर्ड एएनएमला जीएनएमचा दरवाजा नियमानंच उघडा आहे, आर्ट्सची पीयूसी असली तरी. तुम्ही फक्त एएनएमचं रजिस्ट्रेशन चालू आहे का, नाव लग्नाआधीचं की नंतरचं, आधारवर आणि मार्क्स कार्डवर स्पेलिंग एकच आहे का हे आधी बघून घ्या, आपल्याकडं निम्म्या अडचणी इथंच होतात, मराठीतलं नाव कन्नडमध्ये जातं, कन्नडमधून इंग्रजीत येतं आणि तिसरंच काहीतरी होऊन बसतं.

माझ्या हाताखाली बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगी होती, कामाला वाघीण. तिनं असंच परराज्यातल्या एका संस्थेचं सर्टिफिकेट आणलं, घरच्यांनी सोनं गहाण टाकून पैसे भरले होते. कौन्सिलला रजिस्ट्रेशनला गेली तर त्या संस्थेचं नावच यादीत नाही. तिनं त्या कागदाला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं, ते मला अजून आठवतं. नंतर ती परत एएनएम म्हणूनच राहिली. म्हणून कॉलेज बघायला गेलात की पहिला प्रश्न फीचा विचारू नका, पहिला प्रश्न हा, की मला पास झाल्यावर रजिस्टर कोण करणार. कर्नाटकात जीएनएमची परीक्षा डिप्लोमा इन नर्सिंगचं राज्य परीक्षा मंडळ घेतं आणि रजिस्ट्रेशन बंगळूरची कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिल देते. कॉलेजचं नाव राज्य कौन्सिलच्या यादीत आहे का आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलकडं आहे का, दोन्हीकडं स्वतः बघा, मोबाइलवर दिसतं, मुलीच्या शाळेतल्या सरांना सांगितलं तर ते पण काढून देतील. भिंतीवर फ्रेम केलेलं पत्र दाखवतील, त्यावरचं वर्ष वाचा.

दुसरं, हॉस्पिटल बघा. वॉर्डमधून फिरा. नर्सिंग कॉलेजला किमान १०० बेडचं हॉस्पिटल पाठीशी लागतं, पण कागदावर १०० आणि आत पेशंट ११ असली ठिकाणं मी बघितलीत. लेबर रूम चालू आहे का, आयसीयू आहे का, मुलांचा वॉर्ड आहे का. कारण खरं सांगायचं तर तुम्हाला जे येतंय ते आणि जे शिकायचं राहिलंय ते, यात फरक आहे, आणि हे मी तुम्हाला कमी लेखून म्हणत नाही. एएनएमचं शिक्षण आई-मूल, लसीकरण, गावातलं आरोग्य यावर उभं आहे आणि त्यात तुम्ही कुठल्याही जीएनएमला शिकवाल. पण डोपामिनचं ड्रिप पेशंटच्या वजनावर मिनिटाला किती मायक्रोग्रॅम जातंय हे काढणं, ऑपरेशन होऊन तासभर झालेल्या पेशंटची नाडी वाढायला लागली तर ड्रेनमध्ये काय आलंय ते बघून डॉक्टरला उठवायचं की थांबायचं हे ठरवणं, मनोरुग्णाशी बोलणं, हे पेशंटच्या उशाशी उभं राहूनच येतं. डिस्टन्स ठेवलेलं नाही त्याचं कारण हेच आहे आणि मला ते पटतं.

इंग्रजीचं भय असेलच. मराठी मीडियमच्या मुली पहिले सहा महिने रडतात, सर शिकवतात इंग्रजीत आणि समजावून सांगतात कन्नडमध्ये, पण नवव्या महिन्यात त्याच मुली वॉर्डात कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही बोलत फिरतात. ९ वर्षं केस पेपर वाचलेल्या बाईला औषधांची नावं पाठ आहेत, तुम्ही अर्धी लढाई जिंकूनच जाताय.

राहिला पैशाचा आणि घरचा प्रश्न, तो माझ्यापेक्षा तुमच्या घरात सुटणार. ३ वर्षं पगार बंद राहील हे मिस्टरांना आकडा लिहून दाखवा, फी, बसचा पास, युनिफॉर्म सकट. हॉस्टेल सक्तीचं आहे का ते आधीच विचारा, लहान मूल असलेल्या बाईला काही ठिकाणी घरून यायला देतात. आणि फीची प्रत्येक पावती कॉलेजच्या नावानं घ्या. जमत नसेल यंदा, तर एक वर्ष पैसे साठवून पुढच्या वर्षी जा, वयाची अट नाही म्हटलं ना. पण त्या एजंटकडं नको.

प्रश्न : मी निपाणीचा, जीएनएम झालेला ब्रदर. कर्नाटकात शिकलो, आता कोल्हापूरला १२० बेडच्या हॉस्पिटलात ४ वर्षं नोकरी. इग्नूचं पोस्ट बेसिक बीएससी नर्सिंग (जीएनएमनंतरची पदवी) करावं की नोकरी सोडून रेग्युलर २ वर्षांचं? डोक्यात एम्सची नोकरी आहे आणि जमलं तर पुढं शिकवायचं आहे.

उत्तर : तुमच्यासाठी मात्र डिस्टन्स खरोखर आहे. जीएनएम होऊन रजिस्टर झालेल्या, नोकरीत असलेल्या नर्सला इग्नूचं पोस्ट बेसिक बीएससी नर्सिंग करता येतं, किमान ३ वर्षं लागतात, प्रवेश परीक्षा असते. बारावी करून जीएनएम केलेल्यांना रजिस्ट्रेशननंतर २ वर्षांचा अनुभव लागतो, दहावीवर जीएनएम केलेल्या जुन्या लोकांना ५ वर्षांचा. तुमची ४ वर्षं झालीत, बारावी म्हणजे पीयूसी झालेली असेल तर तुम्ही बसता.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला, नॉरसेटला, जीएनएमही चालतं, अनुभवाची अट एवढीच की किमान ५० बेडच्या हॉस्पिटलात २ वर्षं अनुभव पाहिजे. तुमचा तो झालाय. म्हणजे नुसतं एम्ससाठी ३ वर्षं घालवायची गरज नाही, फॉर्म यंदाच भरा, अभ्यास आजपासून सुरू करा. पोस्ट बेसिक लागणार ते शिकवायला, कारण एमएससी नर्सिंगला त्याशिवाय जाता येत नाही.

मग इग्नू की रेग्युलर? घरी पगाराची गरज असेल तर इग्नू, मी तरी तेच सांगेन. पण डिस्टन्स म्हटल्यावर घरी पुस्तकं येतील आणि आपण नाइटला टेबलावर बसून वाचू असं समजू नका. प्रॅक्टिकलला ठरलेल्या सेंटरवर हजर राहावंच लागतं आणि तेव्हा तुमचं हॉस्पिटल रजा देणार का हा सगळा खेळ आहे. इथंच लोक गळतात, अभ्यास अवघड म्हणून नाही. मेट्रनशी फॉर्म भरायच्या आधी बोला, तोंडी हो म्हणाल्या तरी अर्ज लिहून सही घ्या, मेट्रन बदलतात. आणि सेंटर कुठलं मिळणार हे फॉर्मच्या वेळीच बघा. तुमचं घर एका राज्यात आणि ड्युटी दुसऱ्या, तेव्हा पुण्याच्या बाजूनं सोयीचं की कर्नाटकातून, हे अंतरावर ठरवू नका, ड्युटी बदलून घेऊन कुठल्या सेंटरला वेळेत पोचता येतं त्यावर ठरवा.

आणखी एक, कोल्हापुरात नोकरी करताय तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन केलंय ना? आपल्या सीमाभागातली बरीच पोरं बंगळूरच्या रजिस्ट्रेशनवरच तिकडं वर्षानुवर्षं काम करतात, हॉस्पिटलही विचारत नाही, आणि पुढं अनुभवाचा दाखला लागला की घोटाळा होतो. कर्नाटक कौन्सिलची एनओसी घेऊन तिकडं नोंदणी करून घ्या. वेळ खातं हे काम, म्हणून आत्ताच सुरू करा. आणि पोस्ट बेसिक झालं की ती डिग्री कौन्सिलकडं वाढीव पात्रता म्हणून नोंदवायची, नुसती घरात ठेवायची नाही.

प्रश्न : माझी मुलगी लग्न होऊन टेक्सासला गेली, तिथं तिनं एलव्हीएन केलं आणि आता ऑनलाइन आरएन करते म्हणतेय. खूप जाहिराती येतात. आम्ही हलगा गावचे, आम्हाला त्यातलं काय कळत नाही, पण पैसे आमच्याकडं मागितलेत. काय बघावं?

उत्तर : पैसे मागितलेत तर विचारायचा हक्क तुमचा आहेच, आणि तुम्ही विचारताय हे चांगलं केलंत. आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स, तिथली पूर्ण नर्स, आणि एलव्हीएन म्हणजे तिच्या खालची पायरी. बाकी अमेरिकेत ज्याला एलपीएन म्हणतात तेच, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात नाव वेगळं. साधारण वर्षभराचं शिक्षण आणि एनक्लेक्स-पीएन ही परीक्षा. तिथून आरएनकडं जायला ब्रिज कोर्स असतात, आधीच्या शिक्षणाला सूट देतात, मग एनक्लेक्स-आरएन द्यायची. आपल्याकडच्या एएनएमना जी सूट मिळत नाही ती तिथं मिळते, हे मला त्यांचं आवडतं.

पण तिथंही ऑनलाइन म्हणजे थिअरी ऑनलाइन. क्लिनिकल तास राहतात, ते तिच्या गावाजवळच्या हॉस्पिटलात कोण लावून देणार, कॉलेज की तिनं स्वतः शोधायचं, हे तिला पहिलं विचारायला सांगा. स्वतः शोधा म्हणणाऱ्या ठिकाणी मुली फी भरून महिनोन्‌महिने अडकून बसतात.

आणि तिथं लायसन्स राज्याचं असतं, प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं. एका राज्याला चाललेलं कॉलेज दुसऱ्याला चालेलच असं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एक्सेल्सिअर या संस्थेचं एलपीएनसाठीचं डिस्टन्स नर्सिंग खूप नावाजलेलं होतं, हजारो लोक त्यातून आरएन झाले, पण तिथं शिकताना क्लिनिकल तास देखरेखीखाली होत नाहीत म्हणून कॅलिफोर्नियाच्या बोर्डानं ६ डिसेंबर २००३ पासून प्रवेश घेतलेल्यांना लायसन्स द्यायचं बंद केलं. जावईबापूंची नोकरी उद्या दुसऱ्या राज्यात गेली तर? म्हणून कोर्सला एसीईएन किंवा सीसीएनई या नर्सिंगचे कोर्स तपासून मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे का बघायचं, आणि टेक्सासच्या नर्सिंग बोर्डाला कोर्सचं नाव लिहून ईमेल करायचा की यावर मला आरएनच्या परीक्षेला बसता येईल का. उत्तर लेखी आलं की ते तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा, मग पैशाचं बघा.