डलहौसी घराण्याचे किताब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : औरस मुलगा नाही म्हणून आमचे राज्य खालसा करणारा लॉर्ड डलहौसी स्वतःही मुलाविनाच वारला, असे वाचले. मग 'अर्ल ऑफ डलहौसी' आजही कसे? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : त्याच्याकडे एकच किताब नव्हता, म्हणून. (ब्रिटिश उमरावांत मार्क्विस वरचा, त्याखाली अर्ल, आणखी खाली बॅरन.) घराणे रॅमसे यांचे, स्कॉटलंडचे. डलहौसी हा एडिंबराच्या दक्षिणेला असलेला त्यांचा किल्ला. १६१८ साली जॉर्ज रॅमसे लॉर्ड झाला, १६३३ साली त्याचा मुलगा विल्यम अर्ल. आपला गव्हर्नर जनरल जेम्स हा त्या ओळीतला दहावा अर्ल. पंजाब खालसा केल्यावर १८४९ साली त्याला वर मार्क्विसपद मिळाले, त्यात तो पहिलाच. 'दहावा अर्ल' आणि 'पहिला मार्क्विस' ही माणसे दोन समजू नयेत.

किताब कोणाकडे जाणार हे ज्याच्या त्याच्या सनदेवर ठरते. सनद मुळात ज्याला मिळाली त्याच्यापासून पुरुषवंश मोजायचा. १९ डिसेंबर १८६० रोजी जेम्स वारला तेव्हा मागे दोन मुलीच होत्या. मार्क्विसपदाची ओळ त्याच्यापासूनच सुरू झालेली, म्हणून ती तिथेच बुडाली. वडिलांना १८१५ साली मिळालेले बॅरनपदही गेले, कारण त्यांच्या दुसऱ्या कुठल्या मुलाचा पुरुषवंश उरला नव्हता. अर्लपद मात्र १६३३ चे. तिथे आजोबांपर्यंत, म्हणजे आठव्या अर्लपर्यंत, वर चढायचे आणि धाकट्या शाखेने खाली उतरायचे. अशाने चुलतभाऊ फॉक्स मॉल अकरावा अर्ल झाला. क्रिमियन युद्धातला युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्यूर तो हाच. १८७४ साली तोही निपुत्रिक वारला. पॅनम्यूरचे बॅरनपद बुडाले, अर्लपद आणखी एका चुलतभावाकडे, अ‍ॅडमिरल जॉर्ज रॅमसेकडे गेले.

यात दत्तकाला जागाच नाही. दत्तक मुलाला ब्रिटिश उमरावपद वारशाने मिळत नाही. आपल्याकडे दत्तक धर्मशास्त्राला मान्य. तरी ११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले, तेव्हा राण्यांनी मागाहून घेतलेला दत्तक कंपनीने गादीसाठी मानला नाही. भाऊबंदांत वारस धुंडाळण्याची रॅमसे घराण्याची सवय नागपूरच्या कामी आली नाही, एवढे म्हणायला हरकत नसावी.

प्रश्न : १८३० च्या सुमारासही हिंदुस्थानात एक डलहौसी सरसेनापती दिसतो. तो कोण? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : वडील, नववे अर्ल. १८३० ते १८३२. जुने कागद चाळताना आधी साल पाहावे. नुसत्या 'लॉर्ड डलहौसी'वर गेलात तर बाप-लेकांची गल्लत ठरलेली.

प्रश्न : जो आधीच अर्ल, त्याला खालचे बॅरनपद कशाला? (सक्करदरा, नागपूर)

उत्तर : १७०७ च्या इंग्लंड-स्कॉटलंड एकीकरणानंतर स्कॉटिश उमरावांना संसदेच्या वरच्या, लॉर्ड्स सभागृहात आपोआप बसता येईना, आपल्यातून निवडलेले सोळा जणच बसत. युनायटेड किंग्डमच्या बॅरनपदाने कायमची जागा मिळे. १८१५ चे बॅरनपद बुडाल्यावर १८७५ साली बाराव्या अर्लसाठी नवे काढावे लागले ते याचमुळे. १९६३ च्या कायद्याने साऱ्याच स्कॉटिश उमरावांना बसता येऊ लागले आणि ही अडचण संपली. १९९९ च्या कायद्याने ९२ जण सोडून साऱ्याच वंशपरंपरागत उमरावांच्या जागा गेल्या.

वारसाला 'लॉर्ड रॅमसे' म्हणतात, पण ते निव्वळ मानाचे संबोधन. त्याने कोणी उमराव होत नाही. म्हणून तर जेम्स १८३७ साली कॉमन्समध्ये, म्हणजे उमरावांना बंद असलेल्या खालच्या सभागृहात, निवडून जाऊ शकला, आणि पुढच्याच वर्षी वडील वारताच त्याला ती जागा सोडावी लागली.