आधीच उबदार माती आणखी तापली तर?

प्रश्न : उष्णकटिबंधातल्या जंगलांतील जिवाणू जन्मापासून उष्ण मातीतच वाढतात. मग दोन-चार अंशांनी त्यांना काय फरक पडणार?

असे बराच काळ शास्त्रज्ञांनाही वाटत होते. म्हणूनच माती तापवून पाहण्याचे बहुतेक प्रयोग थंड प्रदेशांत झाले. पण उष्णतेची सवय असणे वेगळे आणि आणखी उष्णता सोसता येणे वेगळे. अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९६७ साली एक कल्पना मांडली होती : उष्णकटिबंधात तापमान वर्षभर जवळपास सारखेच असते, म्हणून तिथल्या जीवांची तापमान सोसण्याची कक्षा अरुंद असते. ही कल्पना प्राणी आणि वनस्पतींबद्दल होती. मातीचे काय, याचे ठोस उत्तर पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर मिळू लागले. तिथे पर्जन्यवनाची माती १.२ मीटर खोलीपर्यंत ४ अंश सेल्सिअसने तापवली. २०२० साली निष्कर्ष आले : दोन वर्षांत मातीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ५५ टक्क्यांनी वाढला. यातला बराचसा मुळांच्या श्वसनाचा नव्हता. सेंद्रिय पदार्थ कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. जगातल्या मातीतल्या कर्बापैकी जवळपास एक तृतीयांश उष्णकटिबंधात आहे, हे लक्षात घेतले की हा आकडा किती गंभीर आहे ते कळते.

प्रश्न : श्वसन वाढले म्हणजे जिवाणू वाढले, असेच ना?

तसे सरळ नाही. त्याच बेटावर तापवलेल्या मातीत जिवाणूंची विविधता घटली. उष्णता मानवणाऱ्या जाती पुढे आल्या, बाकीच्या मागे पडल्या. जिवाणूंची पिढी झपाट्याने बदलते, त्यामुळे समूहाची रचना थोड्याच काळात पालटते. पालटलेला समूह नव्या तापमानाला जुळवून घेतो आणि कुजवण्याचे काम आणखी जोमाने करतो. मला सर्वांत काळजीची बाब हीच वाटते. जुळवून घेतले की वेग मंदावेल, अशी आशा होती. इथे मात्र वाढ अंदाजापेक्षाही जास्त निघाली.

प्रश्न : हा वेग कायम राहील का? कुजण्यासारखे संपले की थांबेलच ना?

सहज कुजणारा पाचोळा आधी संपतो, हे खरे. पण अमेरिकेतल्या हार्वर्ड जंगलातला प्रयोग पाहा. ते समशीतोष्ण जंगल आहे, आणि तिथली माती १९९१ पासून ५ अंशांनी तापवत आहेत. पहिल्या दशकात कर्ब वेगाने गेला, मग काही वर्षे शांतता, मग पुन्हा उसळी. २६ वर्षांत वरच्या ६० सेंटीमीटर थरातला १७ टक्के कर्ब निघून गेला. मधल्या शांत वर्षांत सूक्ष्मजीवांची मांडणी बदलत होती. म्हणून एक-दोन शांत वर्षे पाहून निर्धास्त होऊ नये. पनामाचा प्रयोगही कित्येक वर्षे चालावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माती तापण्याबरोबर सुकलीही, तर?

मग गणित बदलते. जिवाणू मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरात राहतात. त्यांची विकरे (अन्न कुजवणारी एन्झाइम) आणि अन्न त्यातूनच फिरते. तो थर आटला की ऊब असूनही काम मंदावते. पुन्हा पाऊस पडताच साचलेले अन्न एकदम मोकळे होते आणि कार्बन डायऑक्साइडचा लोंढा निघतो.

प्रश्न : शिंबावर्गीय (शेंगा येणाऱ्या) झाडांच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंचे काय?

त्यांच्याकडे तुलनेने थोडी सवड आहे. उष्णकटिबंधातल्या अशा काही झाडांमध्ये हवेतला नत्र (नायट्रोजन) स्थिर करण्याचा, म्हणजे झाडाला वापरता येईल असा करण्याचा वेग साधारण तीस अंशांच्या पुढेही चांगला आढळला आहे. पण स्फुरद (फॉस्फरस) आणि ओलावा कमी पडला, तर नुसत्या उबेचा उपयोग नाही.

प्रश्न : झाडे तोडली तर मातीतल्या जिवाणूंवर लगेच परिणाम होतो का?

होतो. सावली गेली की वरचा थर दुपारी कित्येक अंशांनी जास्त तापतो आणि लवकर सुकतो. जिवाणूंना पाचोळ्याचा पुरवठाही तुटतो. हवामानबदलाने काही दशकांत होणारी तापमानवाढ तिथे झाड पडल्याच्या आठवड्यातच सुरू होते.