एसी सोडा, शहापूर गाठा

प्रश्न : ताई, आमचा सोसायटीतला ८ जणांचा ग्रुप आहे. डिसेंबरात कॅराव्हान भाड्याने घेऊन दोन रात्री कुठेतरी लांब, लाइट नाही पाणी नाही हॉटेल नाही अशा जागी राहायचंय. यूट्यूबवर बघून बघून सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. गाडीत ४ जण झोपतात, बाकीचे टेंटमध्ये. भंडारदऱ्याच्या पुढे जंगलात जायचं चाललंय. गाडीत एसी, फ्रिज, टॉयलेट सगळं आहे. पहिल्यांदाच करतोय, काय काय लागेल?
– एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : सामानाचं नंतर बघू, आधी ते जंगलाचं डोक्यातून काढा. यूट्यूबवर जे दिसतं ते बरंचसं अमेरिकेतलं असतं, तिकडे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणून एक सरकारी खातं आहे, त्यांच्या बऱ्याच जमिनींवर एका जागी १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. आपल्याकडे मोकळी दिसणारी जागा कुणाची ना कुणाची असतेच, वनखात्याची, पाटबंधाऱ्याची नाहीतर कुणाच्या तरी सातबाऱ्यावरची, आणि भंडारदऱ्याच्या पुढचा रतनवाडीकडचा भाग तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे परवानगीशिवाय गाडी लावून चूल पेटवलीत तर वनरक्षकच पाहुणा म्हणून येईल. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यात कॅराव्हान पार्क वगैरे आहे, पण त्याचा अर्थ कुठेही उभे राहा असा होत नाही.

आणि मला सांगा, लांब जायचंच कशाला? गाडीची वायर कुठे लावायची नाही आणि बरोबर नेलेल्या पाण्यात भागवायचं, एवढंच तर करायचंय ना, ते शहापूर-मुरबाडकडे कुणाच्या शेतावरही होतं. पहिल्या वेळी एकच रात्र करा. ओळखीतून एखादा शेतकरी गाठा, दोन पैसे द्या आणि त्याचं खळं मागा. भात झोडून झालेला असतो, खळं सपाट आणि टणक असतं, गाडी रुतत नाही आणि झोपताना कुणी एका बाजूला घरंगळत नाही. फक्त पेंढ्याच्या उडव्यांपासून शेकोटी लांब. अजून एक, ८ जणांत दोघं तरी असे निघतातच ज्यांना संध्याकाळी सातलाच घर आठवतं, त्यांना आसनगाव स्टेशनला सोडलं की लोकलने ठाणे. भंडारदऱ्याला त्यांची तोंडं बघत बसावं लागेल.

आता लाइटचा हिशेब, इथेच सगळे फसतात. गाडीवाल्याला ‘बॅटरी बॅकअप मस्त आहे ना’ असं विचारू नका, तो हो म्हणणारच, किती अँपिअर-अवरची आहे, म्हणजे तिच्यात किती वीज मावते, ते विचारा. समजा १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची साधी लेड अ‍ॅसिड बॅटरी आहे, घरी इन्व्हर्टरला असते तशी. गुणाकार केला की २४०० वॉट-अवर, म्हणजे १०० वॉटचं काही २४ तास चालेल एवढी वीज, पण बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवत राहिलात तर लवकर मरते, म्हणजे हातात १२००. फ्रिज साधारण ५० वॉटचा, दिवसातले १२ तास चालू धरला तरी ६००. दोन छोटे पंखे रात्रभर ३२०. लाइट १००. आणि ८ मोबाइल एकदा फुल चार्ज करायला २०० तरी. झाले १२२०, आत्ताच २० कमी पडले, आणि यात एसी धरलेलाच नाहीये! एक टनाचा एसी हजार वॉटच्या आसपास ओढतो, म्हणजे तासाभरात खेळ खल्लास. डिसेंबरात शहापूरला रात्री एसी लागतोच कशाला, खिडक्या उघडा आणि गोधडी घ्या, पंखेही बहुतेक लागणार नाहीत. लिथियम बॅटरी असेल तर ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, टपावर सोलर असेल तर दिवसा थोडी भर पडते, पण तरी इलेक्ट्रिक केटल घरीच ठेवा, १५०० वॉटची केटल १० मिनिटांत २५० खाते. चहा गॅसवर, तोही बाहेर ठेवून.

मग कुणीतरी हुशार म्हणेल छोटा जनरेटर घेऊ की. नको. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकराजवळ रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हानमध्ये दोन जण मेलेले सापडले, जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला होता. या गॅसला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घेणं म्हणजे तोच प्रकार, टेंटमध्येसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो तो घ्याच, खर्च वाटून घ्या.

पाण्याचं सोपं आहे, प्यायला-स्वयंपाकाला माणशी ४ लिटर धरा, म्हणजे २० लिटरचे दोन जार. टाकीतलं पाणी हात धुवायला आणि टॉयलेटला, शॉवर विसरा. जेवण पत्रावळीवर, भांडी आधी कागदाने पुसून मग धुवायची. ८ जणांत एकजण नळ सोडून ब्रश करणारा असतोच, त्याला आधीच दम द्या.

आणि प्रवासात सीटबेल्टवाल्या जितक्या सीट तितकीच माणसं गाडीत, बाकीच्यांनी दुसरी कार काढायची. बेडवर लोळत घाट चढायची हौस फोटोपुरती, गाडी उभी असताना. टपावर एसी असला की उंची १० फुटांच्या घरात जाते, गावातल्या वायरी आणि आंब्याच्या फांद्या बघायला एकाने खाली उतरून पुढे चालायचं. तो एक कोण ते ठाण्यातच ठरवा.

प्रश्न : कॅराव्हानच्या टॉयलेटची टाकी परत आल्यावर कुठे रिकामी करायची? सोसायटीच्या गेटबाहेर गटार आहे.
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : त्या गटारात अजिबात नाही हो! ते पावसाळी पाण्याचं असेल तर सगळं पावसाचं पाणी साठवणाऱ्या धारण तलावातून सरळ खाडीत जातं, तिथेच तुम्ही फ्लेमिंगो बघायला उभे राहता. बाहेर ओढून काढायची कॅसेट टाकी असेल तर ती घरच्या कमोडमध्ये हळूहळू ओतायची, मग दोन-तीनदा फ्लश. लिफ्टमधून नेताना झाकण घट्ट, आणि शक्यतो दुपारी, चेअरमन झोपलेले असताना. अशी टाकी २० लिटरच्या आसपास असते, ४ जणांत दोन दिवस जेमतेम, मोठा ग्रुप असेल तर शेतकऱ्याचंच टॉयलेट वापरू द्या म्हणून आधी सांगून ठेवा. आणि शेतावरच्या सेप्टिक टँकमध्ये ओतणार असाल तर टाकीत फॉर्मल्डिहाइडवालं निळं केमिकल वापरू नका, त्याने टँकमधले जिवाणू मरतात, बायो लिक्विड मिळतं ते घ्या.

प्रश्न : आमचा लॅब्रेडोर टेंटबाहेर बांधला तर चालेल ना? मुरबाडकडे जातोय.
– एक वाचक, खारघर

उत्तर : नाही चालणार. त्या भागात बिबट्या आहे, आणि बांधलेलं कुत्रं त्याला सोपं पडतं. रात्री गाडीच्या आत, दार लावून. त्याचं जेवण आणि उरलेलं मटणही आत.