शेवटचा रुपया कुणाच्या खिशातला?

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

रविवारी सोप्यावर बसून तू जे विचारलेस त्याला मी उत्तर दिलेच नाही, नुसता आवाज चढवला. 'नाही म्हणजे नाही' हे उत्तर नव्हे. तू नेहमीसारखी पाया पडून गेलीस, पण चेहरा उतरला होता. तीन दिवस तेच डोक्यात घोळते आहे, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या भावाने मोबाइलवरच्या क्रिकेटच्या खेळात मोटारसायकलच्या हप्त्यांचे पैसे घालवले. त्या खेळाची जाहिरात करणारा क्रिकेटपटू म्हणजे ज्याचे पोस्टर तुमच्या खोलीत दारामागे चिकटवलेले होते तोच. तू ते पोस्टर फाडलेस, हेही तू मला सांगितलेस. आणि त्यानंतर महिनाभरात तुलाच फोन आला. डोंगरावरच्या बंगल्यांचा प्रकल्प, तीन रील, प्रत्येकीत गच्चीवर बसून एकेक अभंग, आणि चार लाख रुपये. कंत्राटी संगीतशिक्षिकेच्या पगाराला चार लाख म्हणजे काय हे मला सांगायला नको. त्यावर तू म्हणालीस, "सर, एवढा पैसा स्वच्छ हाताने कुणीच मिळवलेला नसतो. मग मीच का मागे राहू?"

यात दोन गोष्टी आहेत आणि तू त्या एका श्वासात म्हटल्यास. पहिली खोटी आहे. दुसरी त्या खोट्याच्या आडून आलेली आहे.

पहिली आधी घेतो. मोठा पैसा म्हणजे मोठी चोरी, हे मी मानत नाही. नाट्यगृहात आठशे माणसे बसतात. प्रत्येकाने तिकीट काढले, गाणे ऐकले, तृप्त होऊन घरी गेला. त्याचा खिसा थोडा हलका झाला, पण तो कशासाठी हे त्याला ठाऊक होते आणि त्याला जे हवे होते ते मिळाले. आता तोच आवाज तबकडीवर गेला, रेडिओवर गेला, मोबाइलवर गेला. आठशेचे आठ कोटी झाले. प्रत्येकाकडून चार आणे आले तरी गायकाच्या घरी डोंगर उभा राहतो. त्या डोंगरात पाप कुठे आहे? मला दिसत नाही. म्हणून मी एकच प्रश्न विचारतो आणि तूही तोच विचार: पैसा शेवटी कुणाच्या खिशातून निघाला, आणि निघताना त्या माणसाला ते ठाऊक होते का?

आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर बिदागीच्या बाबतीत ताठ होत्या. गायिका मोगूबाई कुर्डीच्या, ते गाव आता साळावलीच्या धरणाखाली आहे. दोघीही कलावंतांच्या घरातल्या. ज्या समाजाने त्यांच्या आयांना आणि आज्यांना मैफलीत बसवले आणि पंगतीत बसवले नाही, त्या समाजासमोर बसून स्वतःच्या गाण्याची किंमत स्वतः सांगणे ही लहान गोष्ट नव्हती. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याची तबकडी अवकाशात गेली तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, हे तू सगळ्यांना कौतुकाने सांगतेस. त्यांनी भीड न ठेवता बिदागी मागितली, हेही सांगत जा. पैसे मागायला लाजू नकोस. बायकांनी कलेचे पैसे मागितले की आपल्याकडे अजून भुवया वर जातात. जाऊ देत.

मंगेशीच्या दीनानाथांचे तुला माहीत आहेच. स्वतःची नाटक मंडळी चालवणारा, हजारोंच्या टाळ्या घेणारा माणूस १९४२ साली गेला तेव्हा घरावर हलाखी होती आणि थोरली मुलगी लता तेरा वर्षांचीही नव्हती. पुढे तीच मुलगी १९६०च्या दशकात म्हणाली की गाणे विकले जाते तोवर गायकालाही त्याचा वाटा मिळाला पाहिजे. रफीसाहेबांचे मत वेगळे होते. गायलो, पैसे घेतले, संपले. त्यावरून दोघे काही वर्षे एकत्र गायलेच नाहीत. मी लहानपणापासून रफीसाहेबांचा भक्त, पण या एका बाबतीत लताबाईंच्या बाजूचा. तबकडी विकत घेणाऱ्याचा रुपया कुठेतरी जाणारच होता. गाणाऱ्याकडे गेला नाही तर तो कंपनीकडे जातो, गरिबाकडे जात नाही. कॉपीराइटचा कायदा २०१२ साली बदलला आणि गीतकार, संगीतकार, गायक यांचा हा वाटा कागदावर आला, तोवर त्यातले कितीतरी जण जगात नव्हते.

पण बाय, त्या तबकड्यांवरच दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती आपल्या गोव्याची आहे. मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिने, ट्रम्पेटे, सॅक्सोफोन वाजवणारे कोण होते? चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले आपले गोंयकार. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. रेईश मागुशचे सेबास्तियन डिसोझा, ज्यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ रचले. संगीतकाराने चाल गुणगुणायची आणि या लोकांनी रात्र जागून साठ वादकांची पाने लिहायची. पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव मात्र एकाचेच. त्या काळच्या कितीतरी चित्रपटांत यांची नावे शोधूनही सापडत नाहीत. ऐकणाऱ्याचा चार आणा स्वच्छ होता, देणाऱ्याने राजीखुशीने दिला होता. तो वाटला गेला तेव्हा घाण झाला. म्हणून खिसा दोन्ही टोकांना बघायचा. कुणाच्या खिशातून निघाला आणि कुणाच्या खिशात जायचा राहिला.

जाहिरातीचे मात्र सरळ आहे. कंपनी पैसे देते असे वाटते, पण कंपनीचा स्वतःचा खिसाच नसतो. ती तुझ्या भावाच्या खिशातून आधी घेते आणि मग त्या क्रिकेटपटूला देते. तुझ्या भावाने खेळाचे नियम वाचले नव्हते. त्याने चेहरा वाचला. पंधरा वर्षे ज्याच्या प्रत्येक शतकाला तो ओरडला त्या माणसावर त्याने विश्वास ठेवला, आणि नेमका तो विश्वासच विकला गेला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, जाहिरात करणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड ठेवला. चांगले झाले. पण त्या चेहऱ्यांना कायदा येईपर्यंत हे कळत नव्हते, असे मला कुणी सांगू नये.

'सगळेच करतात' असे तू दोनदा म्हणालीस. नाही करत. २००१ साली बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकून आलेल्या गोपीचंदने शीतपेयाची जाहिरात नाकारली, कारण ते पेय तो स्वतः पीत नव्हता. पुढे अकादमीसाठी त्याने घर गहाण टाकले, त्या अकादमीतून ऑलिंपिकची पदके आली. अमिताभ बच्चन यांनी २०२१ साली पानमसाल्याच्या कंपनीचा करार सोडला आणि घेतलेले पैसे परत केले. अक्षयकुमारने २०२२ साली वेलचीच्या नावाने चालणाऱ्या अशाच जाहिरातीबद्दल लोकांची माफी मागितली. उशिरा सुचले, पण सुचले, त्याचा मला आदर आहे. ज्या मुलाने तोवर पुडी फोडली होती त्याच्यापर्यंत मात्र ती माफी पोचत नाही. त्यामुळे हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा असतो.

आणि दानाचे मला सांगू नकोस. देवळाला कळस चढवला, जत्रेला अन्नसंतर्पण केले, शाळेला संगणक दिले. द्यावेत. पण ज्याच्या खिशातून काढले त्याला परत न देता तिसऱ्याला दिलेले दान हिशेब मिटवत नाही. तुझ्या भावाचे हप्ते अजून तुमच्या आईच्या सोन्यावर चालले आहेत.

आता तुझे चार लाख. तू म्हणशील, दिल्लीचा माणूस बंगला घेतो, पैसे तो राजीखुशीने देतो, यात कुणाचा खिसा कापला? बाय, तू कुळागरात वाढलेली पोर आहेस. माडा-पोफळींना पाणी कुठून येते हे तुला मी शिकवायचे? डोंगरावर पडलेला पाऊस मुरतो, पायथ्याशी झर होऊन येतो, पाटाने कुळागरात फिरतो. वर डोंगर कापला, तळी आणि कूपनलिका आल्या, की खाली मे महिन्यात विहीर तळ दाखवते. तो खिसाच आहे. आणि त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईने कुठल्याही कागदावर सही केलेली नाही. तिथल्या गच्चीवर बसून तू तुकोबांचा अभंग म्हणणार, लोक म्हणणार, आपली पोर आहे, म्हणजे वाईट नसेल. चार लाख तुझ्या गळ्याचे नाहीत. गळ्याचे असते तर त्यांनी तुला नाट्यगृहात बसवले असते. ते 'आपली पोर'चे आहेत.

तो प्रकल्प चांगलाही असेल. मी पाहिलेला नाही. म्हणून विचार. सर्व्हे नंबर माग. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे तो कागद बघ, जमीन बांधकामाला वापरायची सनद बघ, नगरनियोजनाची परवानगी बघ, आणि मग खाली उतरून वाड्यावर चार घरी पाणी प्यायला थांब. २०१९च्या ग्राहक कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी चेहरा देणाऱ्याला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केले तर ५० लाख. पण आधी नीट चौकशी केली असेल तर सूट आहे. त्यांनी सर्व्हे नंबर द्यायला टाळाटाळ केली तर तुला माझ्या पत्राची गरज नाही.

मी हे कुठल्या तोंडाने सांगतो, असे तू मनात म्हणत असशील तर सांगतो.

तीसेक वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी फोंड्यात नाट्यसंगीताचा महोत्सव केला. मुंबईहून एक मोठे गायक आणले. नाव घेत नाही. त्यांनी पडद्याआड पाकीट मोजून घेतले, मगच बाहेर आले, आणि त्यांचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. तबल्याला आपल्याच भागातला एक तरुण होता. त्या रात्री त्याने असा तबला वाजवला की त्या गायकांनी दोनदा गाणे थांबवून त्याला दाद दिली. पावसाने निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या. पैसे कमी पडले. मी त्या पोराच्या हातात नारळ ठेवला, खांद्यावर शाल घातली आणि म्हटले, पुढच्या वेळी बघू.

आमच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. मंडपवाला दारात उभा होता, ध्वनिक्षेपकवाल्याने तारा गुंडाळायला घेतल्या होत्या, मी स्वतःच्या खिशातलेही घातले होते. हे सगळे खरे आहे. आणि तरीही ज्याला नाही म्हणणे सोपे होते त्यालाच मी नाही म्हटले, हेही खरे आहे. पुढची वेळ आलीच नाही. तो पुढे खाणीवर ट्रकांच्या खेपा मोजायच्या कामाला लागला. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा तेही गेले. एकदा तिस्क-उसगावच्या बाजारात भेटला. बोटे बघितली मी त्याची. तो हसून म्हणाला, "सर, शाल अजून आहे."

त्यानंतर मी मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पेटी वाजवायला कधी गेलो नाही. माझे तीन शिष्य गेले, त्यांना मी अडवले नाही, आणि माझ्यापेक्षा चांगली घरे त्यांनी बांधली. मला चार वेळा बोलावणे आले, चारही वेळा नाही म्हटले. ज्या जागी गोवेकराने पाऊल ठेवू नये असे २०२० साली आपल्याच सरकारने ठरवले, तिथल्या रुपयावर मला सूर धरवत नाही. लोक हेकट म्हणतात. त्यांना त्या नारळाचे माहीत नाही. मला तो हेका हवा आहे. तो नसता तर माझ्याकडे त्या रात्रीचे उत्तर म्हणून काहीच उरले नसते.

पण तुझा प्रश्न तीन दिवस घोळवताना मी तोच प्रश्न घरातही विचारला. माझा हेका कुणाच्या खिशातून चालला? तुझ्या काकीच्या. प्राथमिक शिक्षिकेच्या पगारातून तिने दोन मुलांची शिक्षणे केली, म्हणून मला नाही म्हणता आले. काल रात्री तिला तसे म्हणालो. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला विचारून तर नाही म्हणत होतात." ते तरी मी केले होते, हे मला आठवत नव्हते.

म्हणून तुला नकार द्यायचा असेल तर आधी आईशी बोल. हप्त्यांचे काय करायचे ते दोघी मिळून ठरवा. तुझ्या स्वच्छ हातांचे पैसे तिने न विचारता का भरावेत?

येत्या रविवारी सकाळी ये, करार घेऊन ये, आपण ओळ न ओळ वाचू. आणि एक गोष्ट. तुझ्या मागच्या महिन्यातल्या अभंगाच्या रीलला दोन लाख लोकांनी पाहिले, मीही चार वेळा पाहिले. पखवाजावर जो मुलगा आहे त्याचा हात फार गोड आहे. त्याचे नाव खाली कुठेच लिहिलेले नाही. त्याला किती दिलेस, ते लिहून आण.

तुझा,
सर