लॅपटॉप आधी कपाटातून बाहेर काढा

प्रश्न : मुलगी पीसीएमबी घेऊन बारावी झाली. नीटला पहिल्या वर्षी २९० गुण, लातूरला राहून रिपीट केल्यावर ३१८. आणखी एक वर्ष बसवायचं ठरवलंय, नाहीतर नातेवाईक काय म्हणतील? पण ती दिवसदिवस लॅपटॉपवर ‘स्मार्ट घर’ करत बसते. टाकी भरली की मोटर बंद, माणूस आला की दिवा चालू. प्रत्यक्षात एक वायरही नाही, सगळं खोटं. लॅपटॉप कपाटात कुलूपबंद केलाय. तिला कसं समजवावं?
– एक पालक, परळी वैजनाथ

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात गुण आहेत, नातेवाईक आहेत, कुलूपही आहे. मुलीचं म्हणणं मात्र एका ओळीतही नाही. मला काळजी वाटते ती याची, ३१८ ची नाही. वर्षभर घर सोडून राहिल्यावर २८ गुण वाढले. पुढच्या वर्षी नेमकं काय वेगळं होणार, हे तुम्हाला सांगता येत नसेल तर क्लासची फी भरू नका. ती गप्प आहे म्हणजे तयार आहे, असंही धरू नका. कुलपातून तिला एवढंच कळलं असेल की आपल्याला जे जमतं ते घरात दाखवायचं नाही. समजवायचं नंतर बघू, आधी तिला विचारा. आणि ती बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका.

आता ‘सगळं खोटं’ याबद्दल. हा साफ गैरसमज आहे. अनेक नियंत्रण यंत्रणा आधी संगणकावरच्या मॉडेलवर चालवून पाहतात, कारण तिथली चूक फुकटात पडते. तिची टाकीच घ्या. टाकी ५०० लिटरची, मोटर मिनिटाला ३० लिटर चढवते, नळांतून ५ लिटर जातं. म्हणजे पातळी मिनिटाला २५ लिटरने वाढते आणि रिकामी टाकी २० मिनिटांत भरते. मोटर चालू आणि बंद करायची पातळी एकच ठेवली, तर पाणी नुसतं हिंदकळलं तरी मोटर सारखी चालू-बंद होते. म्हणून ३० टक्क्यांना चालू, ९५ ला बंद. आपल्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, मोटर जिथून पाणी ओढते तो हौद कोरडा पडणारच. मोटर चालू असेल तर दोन मिनिटांत टाकीत ५० लिटर वाढायला हवेत. पातळी जागची हललीच नाही तर मोटर थांबवायची आणि कोणी बटण दाबेपर्यंत सुरू होऊ द्यायची नाही. मध्येच लाइट जाऊन आली तर? हौद कोरडा होता हे प्रोग्रॅमने जपून ठेवलं नसेल, तर तो पुन्हा कोरडी मोटर चालवतो. हे सगळं मॉडेलवर तपासता येतं. घरच्या मोटरवर तपासायला गेलात तर ती जळू शकते.

असं मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे सिम्युलेटरच्याही मर्यादा आहेत, त्या तिला माहीत हव्यात. वोक्वी नावाच्या सिम्युलेटरमध्ये एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरची इको पिन (मोजमापाचा सिग्नल देणारी) थेट ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडली तरी सगळं सुरळीत चालतं. प्रत्यक्षात सेन्सर ५ व्होल्ट सोडतो आणि ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची असते. मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी केलं नाही, तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो.

एवढ्यावरून तिने इंजिनिअरच व्हावं, असं मी म्हणणार नाही. तिला बादली आणि घड्याळ द्या. पाणी टाकीत पडतं तिथे १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते, हे मोजून तो आकडा मॉडेलमध्ये घालू द्या. मॉडेल २० मिनिटं म्हणालं आणि टाकीला २७ लागली, तर ती काय करते ते बघा. व्होल्टेज उतरलं का, फूट व्हॉल्व्ह गळतो का, वापर जास्त होता का, याच्या मागे लागली तर तिचा कल खरा आहे. नुसतं रंगीत चित्र सजवत बसली, तर दुसरा विचार करू.

वाटा तुम्हाला ठाऊक आहेतच. गणित आहे, त्यामुळे एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) ग्रुप देता येतो. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी संस्थेतली इन्स्ट्रुमेंटेशन (मोजमाप आणि नियंत्रणाची) शाखा या कामाच्या अगदी जवळची. मुलींच्या शुल्कमाफीच्या अटीही बघून ठेवा.

फक्त २३० व्होल्टला तिला एकटीला हात लावू देऊ नका. १ एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या छोट्या निळ्या रिलेवर (स्विचवर) १० अँपिअर छापलेलं असलं तरी त्याचे कॉन्टॅक्ट चिकटू शकतात, आणि मग प्रोग्रॅमने ‘बंद’ म्हटलं तरी मोटर चालूच राहते. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेलणारा मोठा स्विच लागतो. तो वायरमनकडूनच बसवून घ्या, आणि त्या वेळी तिला शेजारी उभं राहू द्या.