झडप बदलल्यानंतर चालावे कधी आणि किती?

प्रश्न : माझे वय ५८ असून दीड महिन्यापूर्वी छाती उघडून हृदयात धातूची झडप बसवण्यात आली. पूर्वी मी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरत असे आणि रविवारी पांडवलेणी चढत असे. आता घरचे जिनाही चढू देत नाहीत. काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घरच्यांची काळजी समजते, पण चालण्याने झडप निसटत नाही, पडून राहिल्याने मात्र ताकद नक्की जाते. जपायचे आहे ते तारांनी जोडलेले छातीचे हाड. ते सांधायला साधारण ८ ते १२ आठवडे लागत असल्याने तोवर भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर आणि जोर-दंड वर्ज्य समजावेत. सर्जनची संमती घेऊन सपाट ट्रॅकवर १० मिनिटांपासून सुरुवात करावी व हळूहळू वेळ वाढवावा. चालताना बोलता यावे, गाणे मात्र म्हणता येऊ नये, इतकाच वेग ठेवावा. हृदयाचे ठोके मंद करणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू असल्यास नाडीचे ठोके फसवे ठरतात, म्हणून वेग नाडीवरून ठरवू नये.

डेन्मार्कमधील २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, १२ आठवड्यांच्या व्यायामाने झडपेच्या रुग्णांची शारीरिक क्षमता वाढली, मानसिक स्वास्थ्यात मात्र फरक दिसला नाही. तेव्हा व्यायामाकडून सगळीच अपेक्षा करू नये.

घरचा जिना सावकाश, कठडा धरून चढावा. पांडवलेणीची घाई मात्र नको, कारण धातूच्या झडपेसाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि पाय घसरून डोक्याला लागलेला मार अशा वेळी महागात पडतो. हाड सांधल्यावर ताण चाचणी (श्रम करताना हृदय कसे चालते याची तपासणी) करून घ्यावी, मगच लेणीच्या पायऱ्यांचा विचार करावा. चक्कर, ताप किंवा छातीच्या हाडात कटकट असा आवाज जाणवल्यास चालणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.